दाजींचं उघडं डोकं

कोल्हापुरात आमच्या साडूंना सायकलवर ज्यानं ओळखलं नाही, तो एकतर परगावचा असणार किंवा झोपेत असणार. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. शिरोलीच्या फौंड्रीतली नोकरी संपली, दारात मोटारसायकली आल्या, पण दाजी सायकल सोडून कशावर बसले नाहीत. अर्थात ते सायकल चालवायचे असं म्हणणं जरा धाडसाचंच. ते सायकलवर बसून गप्पा मारायचे आणि सवड मिळाली तर पायडल. मिरच्या आणायला निघालेला हा माणूस वाटेत एकाच्या मुलीला स्थळ सुचवून, दुसऱ्याच्या म्हशीची विचारपूस करून, मिरच्या विसरून घरी परतायचा.

सायकलवाल्यानं हेल्मेट घालावं की नाही, यावर आमच्याकडे कितीतरी ताटं थंड झाली आहेत. दाजी कडाडायचे, "ओ पावणं, बादली घातल्यावर माणूस वळखू येतंय व्हय? मग रामराम कुणी घालायचा? फौंड्रीत जन्मभर टोपडं घातलंय की! आता तरी डोस्कं मोकळं ऱ्हाऊ द्या." माझ्या मुलीनं हौसेनं हेल्मेट आणून दिलं. दाजींनी ते कौतुकानं फिरवून पाहिलं आणि माती भरून त्यात कोथिंबीर लावली. म्हणाले, "भोकं झ्याक हाईत, पाणी साचत न्हाय."

गेल्या उन्हाळ्यात कळंब्याच्या रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. दाजी नेहमीसारखे रमतगमतच चालले होते, पण पडले ते डोक्यावर. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा टाके घालून झाले होते, आणि ते आक्काला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, अदबीनं विचारत होते, "बाई, तुमी कुनाकडच्या?" आक्का हसली. मग बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांना सगळं आठवलं, पण ती दुपार आक्काच्या चेहऱ्यावरून काही गेली नाही. घरी आल्यावर तिनं कोथिंबीर उपटली, हेल्मेट घासून धुतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. "तुमचं डोकं तुमच्या एकट्याचं न्हाय," एवढंच बोलली.

दाजींनी मुकाट्यानं हेल्मेट घातलं. त्यातून चेहरा स्वच्छ दिसायचा, पण ते त्यांना पटेना. मग कोपऱ्याकोपऱ्यावर स्वतःच ओरडत जायचे, "मी हाय ओ, मीच!" सगळी गल्ली ओ द्यायची.

यंदा त्यांचा तोल जाऊ लागला आणि डॉक्टरांनी सायकल बंद केली. दाजींनी ती दूधवाल्याला देऊन टाकली. आता संध्याकाळी आम्ही दोघं कळंब्याच्या तलावापर्यंत चालत जातो. परवा ते मध्येच थांबले.

"पावणं, सायकलवर बसलं की समोरनं वारं यायचं बघा. कितीबी उकडू दे. ते वारं आता कुठं गेलं वो?"

तलावाकाठी पान हलत नव्हतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि थोडा भरभर चालायला लागलो. तेही लागले.