नाना मिस्त्रींचे कोनदार अक्षर

नाना मिस्त्रींच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने मला लिहायला सांगितले, म्हणून सुरुवातीपासून सांगतो. त्यांची आणि माझी ओळख स्वराज्य आले त्या वर्षी धुळ्याच्या छापखान्यात झाली. मी खिळे जुळवणारा, ते खिळे ठेवायची मोडकी लाकडी केस दुरुस्त करायला आलेले सुतार. प्रभातफेरीचे भित्तिपत्रक छापायचे होते आणि आमच्याकडचा सर्वांत मोठा खिळा करंगळीएवढा. नानांनी सहज विचारले, “लाकूडनं चाली का?” चार दिवसांत त्यांनी शिसवी ठोकळ्यांवर पटाशीने उलटी अक्षरे कोरून आणली. शिरोरेघ दाराच्या चौकटीसारखी जाड, गोलाई कुठेच नाही, ‘क’चे पोट सरळ त्रिकोणी. मालक हसले, पण पत्रक चौकात लागले तेव्हा गर्दी थांबून वाचू लागली.

पुढे कुस्त्यांची दंगल असो, कपाशीचा लिलाव असो की पटकीची लस टोचण्याची सूचना, धुळे-जळगावच्या भिंतींवर नानांचेच अक्षर दिसे. नवे अक्षर कोरले की नाना त्याचा छाप बाजाराच्या फाटकावर लावत, वीस बैलगाड्यांच्या अंतरावर मागे जाऊन उभे राहत आणि नुकते वाचायला शिकलेल्या एखाद्या गाडीवानालाच वाचायला लावत. एकाने विचारले, “आठे घुळे लिखेल शे का?” त्याच संध्याकाळी नानांनी ‘ध’च्या माथ्यावरची फट जवळजवळ दुप्पट रुंद कोरली.

माणूस म्हणून काय सांगू? माझी कंबर धरली तेव्हा कोणालाही न सांगता त्यांनी माझी केस ठेवायची घोडी चार बोटे उंच करून दिली. मी आजही तिच्याशीच उभा राहतो.

आता समितीला नको असलेला भाग. शिशाचे खिळे ओतणाऱ्या मुंबईच्या एका टाइप फाउंड्रीचे गृहस्थ आले, नानांच्या देवपूरच्या घरी पोटभर जेवले आणि ‘नमुन्यासाठी’ प्रत्येक अक्षराचा छाप घेऊन गेले. दोन वर्षांनी त्यांची किंमतपत्रिका आली. तीच जाड शिरोरेघ, तेच त्रिकोणी पोट, ‘ध’च्या माथ्यावर तीच रुंद फट, आणि खाली निर्माता म्हणून फाउंड्रीच्या मालकांचे नाव. आमच्या मालकांनी तो शिशाचा टाइप मागवला आणि नानांचे ठोकळे बंबात घालायला घरी नेले. शिसव छान जळते, असे ते मला म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्याशी नीट बोललो नाही आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

याहून संतापजनक गोष्ट या ग्रंथाचीच आहे. मुखपृष्ठ त्याच टाइपात जुळवायचे ठरले असून आतल्या पानावर ‘सुंदर टाइपाच्या निर्मात्यांचे’ आभार मानले आहेत. ज्यांचा सत्कार करायचा त्यांच्याच अक्षरांबद्दल चोराचे आभार! मी समितीला कळवले आहे, आभार काढा आणि तिथे नानांचे नाव छापा, नाहीतर हा लेख परत करा.

हे सांगायला नानांकडे गेलो, तर ते पटाशीला धार लावत होते. म्हणाले, “अक्षर बठ्ठा लोके वाचतस ना? मंग जाऊ दे भो.” सगळे वाचतात, एवढेच त्यांना पुरे! मी तिथून तणतणत निघालो.

नानांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि मनगट अशीच शाबूत राहोत. आणि त्या लांबलचक आयुष्यात, निदान एकदा तरी, त्यांना राग येवो.