शांतवनचा शेजार

आमच्या मंडळीत शांतवन साळवेइतका श्रद्धाळू माणूस नाही. फक्त ती श्रद्धा सध्या कुणाची आहे, हे त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघून ठरतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. शांतवनला वाणही लागतो.

नेवाशाजवळच्या आमच्या गावात, फाट्यावर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार त्याच्याकडे दिली की ती पुन्हा पाणी ओढणार, यात वाद नाही. त्याहून चांगला हात त्याचा मृदंगावर. वडिलांनी शिकवला, मृदंगही वडिलांचाच. आमच्या चर्चच्या भजनी मंडळात मी पेटीवर असतो, तो मृदंगावर असायचा. गावच्या सप्ताहात वाजवणारा गोरक्ष त्याचा जिवलग. दोघांचाही हात शांतवनच्या वडिलांनीच बसवला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, शांतवन वाजवायचा तेव्हा बायका डोळ्याला पदर लावायच्या, आणि तो स्वतःही रडायचा. त्या वेळी त्याच्या शेजारी भजनातली जुनी माणसं बसत.

ती एकेक करून गेली आणि शांतवन चर्चच्या पंचांच्या बाकावर सरकला. आमचे पंच सणासुदीला देवाची आठवण काढतात, एरवी एकमेकांच्या तक्रारी करतात. थोड्याच दिवसांत शांतवन प्रार्थनेतसुद्धा 'मागील सभेत ठरल्याप्रमाणे' म्हणू लागला. जेवणाआधी आशीर्वाद मागितला की अनुमोदन कोण देतंय म्हणून ताटांवरून नजर फिरवायचा.

पुढे पंचांच्या निवडणुकीत तो पडला. त्या रागात असतानाच कुणीतरी त्याला केडगावच्या एका हॉलमधल्या सभेला नेलं. तिथले मुख्य ब्रदर एलिया. हे पूर्वीचे काकासाहेब, प्लॉटचे एजंट. तेव्हा लोकांना एनए जमीन दाखवायचे, आता स्वर्ग दाखवतात. त्या सभेत कीबोर्ड, गिटार आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. विजेचं कळणारा माणूस मिळाला म्हणून ब्रदरनी शांतवनला साउंडच्या मशीनवर बसवलं आणि तो गळ्यात बिल्ला घालून हिंडू लागला. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, मोटार कधी मिळेल? शांतवन म्हणायचा, विश्वास ठेवा. पूर्वी तो वार सांगायचा.

तिथंच त्याला कळलं की मृदंग हे मूर्तिपूजेचं वाद्य आहे आणि ते घरात असलं की आशीर्वाद अडतो. त्यानं वडिलांचा मृदंग उचलला आणि गोरक्षच्या ओसरीवर नेऊन ठेवला. आशीर्वाद अडवणारी वस्तू जिवलगाच्या घरात ठेवताना त्याला काहीच वाटलं नाही. मला खरा राग आला तो याचा.

गोरक्ष एवढंच म्हणाला, "ठिवतो. पन माजा म्हनून न्हाई. तुजं डोकं जाग्याव आलं की घिऊन जा."

शांतवनची आई आक्काबाई. हे कळल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "माज्या मातीला तुज्या बापाचा मृदंग वाजला पायजे, आन् त्यो तूच वाजवायचा," ती म्हणाली. "त्यो घरात येत न्हाई तवर मी जेवत न्हाई."

आता, म्हातारी रुसली तर मुलानं काय करावं? मृदंग आणावा. शांतवननं ब्रदरना फोन केला. ब्रदरनी फोनवरच निदान केलं की हा रुसव्याचा आत्मा आहे, आणि बोलेरो भरून माणसं आणली. सगळ्यांनी खाटेभोवती कडं केलं. ब्रदरनी म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून असा काही जोर लावला की तो हात झटकायला ती उठून बसली. बसलीच आहे तर म्हणून तिनं चहा मागितला. झालं, बोलेरोतल्या माणसांनी घर डोक्यावर घेतलं. तो दिवस नेमका रुसव्याचा तिसरा होता, आणि येशूही तिसऱ्याच दिवशी उठला होता. लगेच आक्काबाईच्या फोटोचा फ्लेक्स लागला, 'मरणाच्या दाढेतून परत', आणि रविवारी केडगावला तिची साक्ष ठरली.

म्हातारी लगेच तयार झाली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तिनं मला आणि गोरक्षला त्याच्या टेम्पोतून यायला सांगितलं, आणि मृदंग घ्यायलाही.

हॉल भरला होता. आक्काबाईनं माईक हातात घेतला.

"मी मरत न्हवते, रुसले हुते," ती म्हणाली. "ह्या दादानं डोकं लई दाबलं म्हनून उठले. माजा पोरगा वाईट न्हाई. त्याला एकट्याला देव दिसत न्हाई, शेजारचा जिकडं बघंल तिकडं त्यो बघतो. म्हनून मीच आले हितं."

आणि तिनं नवऱ्याचं आवडतं भजन सुरू केलं, जुन्या चालीवर, तिच्या थरथरत्या आवाजात. कीबोर्डवाल्याला सूर सापडेना. ब्रदर घामाघूम झाले आणि मशीनवर बसलेल्या शांतवनकडे बघून त्यांनी खूण केली, माईक बंद कर.

शांतवनचं बोट बटणावर गेलं. त्याच्या उजव्या हाताला बिल्लेवाले बसले होते, सगळे ब्रदरांकडे बघत. तेवढ्यात गोरक्ष मागच्या दारातून आत आला, त्याच्या डाव्या हाताला खाली बसला आणि मृदंग त्याच्या पुढ्यात सरकवला. गोरक्ष म्हातारीकडे बघत होता. शांतवननं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग तोही म्हातारीकडे बघू लागला. बोट बटणावरून निघालं आणि पहिली थाप पडली. मी आजवर त्याचं इतकं चांगलं वाजवणं ऐकलेलं नाही. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज नाही.

त्या सभेनं त्याचा बिल्ला तिथंच काढून घेतला. शांतवन आमच्यात परत आला, आणि आता भर चर्चमध्ये सांगतो की कीबोर्ड हे सैतानाचं वाद्य आहे. परवा तर माझ्या पेटीकडेही संशयानं बघत होता, कारण ती मुळात परदेशी.

मी तक्रार घेऊन आक्काबाईकडे गेलो. ती संध्याकाळच्या प्रार्थनेला बसली होती. मला हातानं थांब म्हणाली आणि डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना करू लागली, मला ऐकू यावी अशी.

"देवा, माज्या पोराला अक्कल दे म्हनून लई वर्सं मागितलं, आता ऱ्हाऊ दे. माज्यामागं ह्याचा शेजार तेवढा बरा ठिव." मग एक डोळा उघडून तिनं माझ्याकडे बघितलं. "आन् ह्या पेटीवाल्याला जरा सुधार. आता त्यो पोराच्या शेजारी बसतो."