काकांचा फोटो आणि शेवटची काच

काकूला भिंतीवर लावायला काकांचा जुन्या पद्धतीचा, फेटेवाला फोटो हवा होता. माझ्या लाकडी कॅमेऱ्याची, फोटो उमटायची एकच काच उरलेली, आणि काका झोपेतही उचगावला जाऊन येणारा माणूस!

"काका, भिंगाचं झाकण काढलं की परत लावीपर्यंत हलायचं न्हाय."

झाकण काढलं. माझा जीव तव्यावरच्या लाहीसारखा उडत होता. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "पावणं, राधानगरीची गाडी कुठं थांबती?"

विचारणाऱ्याला वाट न दाखवणं कोल्हापुरात पापच. काकांनी मान ताठ ठेवली, तोंड मिटलेलं ठेवलं, पण एक हात डावीकडं केला, मग उजवीकडं, मग पार आभाळाकडं.

काच औषधात धुतली. चेहरा झकास, पण हात चार!

काकू म्हणाली, "लावा भिंतीवर. आता त्यातल्या एका हातानं तरी स्वतःची कपबशी उचला की!"