नळाचं पाणी

बाटलीचं सील मोडल्याचा आवाज आला की मला सेलूजवळच्या गावातलं ते सारवलेलं अंगण आठवतं. आमच्या पक्षानं तिथं घरोघरी नळ दिले होते, म्हणून प्रचारात आम्ही निर्धास्त होतो. भर उन्हात एका म्हातारीनं त्याच नळाच्या पाण्याचा गडवा उमेदवारापुढे धरला. त्यानं नुसते हात जोडले आणि मी पुढे केलेल्या बाटलीतलं पाणी प्यायला. निकालात ते गाव पुरतं विरोधात गेलं. मी मुद्दाम म्हातारीकडे गेलो. "मावशी, नळ आमी देल्ला, मंग गावानं मत काऊन नाई देल्लं?" "नळ चांगला हाये बापू. पण तुमच्या उमेदवाराच्यानं त्याचा एक घोट घेववला नाई," म्हणत तिनं माझ्यापुढे गडवा धरला. पाणी गोड होतं. ज्या पाण्यावर महिनाभर मतं मागितली, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यायलो, हे आजही सलतं.