न गळणारं छप्पर

पत्रेवाल्याने नमुन्याच्या तुकड्याखाली लायटर धरला आणि आईला म्हणाला, "बघा काकू, काळंसुद्धा पडत नाही. आगीची भीती नाही, गळती नाही. परत म्हणून कुणाला वर चढायला नको."

आईने मान डोलावली. मी त्या ज्योतीकडे बघत राहिले.

आमची कौलं दर वैशाखात चाळली जायची; सरकलेली नीट बसवायची, फुटकी बदलायची. बाबा छपरावर चढायचे आणि आई खाली अंधाऱ्या खोल्यांतून मान वर करून फिरायची. कौल सरकून जिथे उजेडाचा ठिपका दिसे, तिथून ती काठीला बांधलेला माडाच्या झावळीचा काडीसारखा हीर वर सारायची, म्हणजे बाबांना जागा कळे. बाबा वरून तो हीर दोनदा हलकेच ओढायचे. सापडलं, असा त्याचा अर्थ. एरवी दिवसभरात चार शब्दही न बोलणारी ती दोघं. पण हीर ओढला गेला की आई वर बघत अशी हसायची, की मला उगाचच लाजायला व्हायचं. छपराने फक्त अडवायचंच असतं, हे त्या पत्रेवाल्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

बाबा गेल्यावर कौलं चाळणारं कुणी उरलं नाही, म्हणून पत्रे घातले. घर आता कोरडं ठणठणीत आहे. काल दुपारी माजघरात गेले, तर आई हातात तीच काठी घेऊन वर बघत उभी होती.

"काय बघतेस गं?"

"एवढीशी फटसुद्धा ठेवली नाही मेल्यांनी," ती म्हणाली.