शेहेचाळीस हजार अंशांची भट्टी

वाळूजच्या कारखान्यात रंग भाजायच्या भट्टीचं तापमान कॉम्प्युटरवर आणायचं काम माझ्याकडं होतं. भट्टीचं मीटर प्रत्येक आकडा दोन तुकड्यांत पाठवायचं. ते तुकडे जोडणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि त्यामुळं माझं स्वतःविषयी फारच चांगलं मत झालं होतं.

प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर आलं: ४६०८० अंश.

"भट्टी बंद करा!" असं ओरडत मी स्विचकडं धावलो.

भट्टी सांभाळणारे काका आडवे आले. "सायेब, आत कपाटांचे दरवाजे हायत. मधीच बंद केली तर रंग कच्चा राहील, अख्खा लॉट भंगारात. आन् एवढं तापलं असतं तर आपण इथं बोलत उभं असतो व्हय?"

मी त्यांना गणित समजावू लागलो. पहिला तुकडा मोठ्या किमतीचा, दुसरा लहान, दशक आणि एकक असतात तसे.

"असं मीटरनं सांगितलं?"

"नाही, मीच धरून चाललो."

"पंचेचाळीस म्हणताना आधी काय येतं? पाच का चाळीस?"

"पाच."

"मग मीटर बी तसंच बोलत आसंल."

मी तुकड्यांची अदलाबदल केली. १८०. मीटरचं माहितीपुस्तक मी त्यानंतर उघडलं. पहिल्याच पानावर तेच छापलेलं होतं.

लॉट बाहेर आला. काकांनी नखानं रंग खरवडून पाहिला. निघाला नाही.

"मोठ्या साहेबांना सांगू नका," मी हळूच म्हणालो.

"मी नाय सांगत," काका म्हणाले. "पर जेवणाच्या सुट्टीत लई जण भट्टीतला सूर्य बघायला येणार हायत."