गेंड्याला दहापैकी दहा

मास्तर आयुष्यात कधी शाळेत शिकवायला गेले नाहीत. ते एका दैनिकाच्या कचेरीत मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या वेलांट्या सरळ करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. पण दर रविवारी क्रीडापानाच्या खालच्या कोपऱ्यात ते पैलवानांना गुण द्यायचे, म्हणून कचेरीने त्यांना मास्तर करून टाकलं. मग शेजाऱ्यांनी, मग वाण्याने, आणि शेवटी सख्ख्या आईनेसुद्धा.

हे पैलवान टीव्हीवरचे. दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, थेट प्रक्षेपण. दोरखंडांची चौकट, डोळे दिपवणारे दिवे, तेल फासलेले दांडगे गडी, आणि कोण जिंकणार हे आठवडाभर आधी कागदावर लिहून ठेवलेलं. नुरा कुस्ती म्हणतात ती हीच. सगळ्यांना ठाऊक असतं की हे ठरवून चाललंय, आणि तरी सगळे टीव्हीपुढून हलत नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी संपादकांना वाटलं की यावर दर आठवड्याला परीक्षण छापावं. क्रीडाविभागातला एकही जण हात लावायला तयार होईना. "खोट्या कुस्तीवर लिहून मी माझं नाव घालवू का?" असं जो तो म्हणाला. मास्तरांकडे घालवायला नावच नव्हतं. त्यांनी घेतलं.

आणि घेतलं म्हणजे काय, माणूस झपाटला. मास्तरांचं म्हणणं असं, की निकाल खोटा असेल, राग खोटा असेल, शिव्याही खोट्या असतील. पण उंचावरून पाठीवर आपटायचं ते खोटं कसं आपटणार? खाली फळ्या असतात, वर बोटभर जाडीची गादी. हनुवटी छातीला चिकटली पाहिजे, दोन्ही तळवे पाठीच्या आधी टेकले पाहिजेत, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गेला हा, संपला. जिंकणाऱ्याला काय, हात वर केले की झालं. खरं काम हरणाऱ्याचं. म्हणून त्यांच्या सदरात शेवटी एक तक्ता असायचा, त्यात फक्त हरणाऱ्यांची नावं आणि पडण्याचे गुण, दहापैकी. असा तक्ता दुसरं कोणी छापत नव्हतं. रविवारी सकाळी झाडून सगळे पैलवान तो आधी बघायचे, हे मास्तरांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. का नसावा? एरवी त्यांनी सुधारलेली एकही वेलांटी कोणाच्या लक्षात आली नव्हती.

आता गोष्ट अशी, की त्या हरणाऱ्यांमधला सगळ्यात पक्का हरणारा होता मास्तरांचा सख्खा धाकटा भाऊ. पडद्यावर त्याला गेंडा म्हणायचे. नऊ वर्षांत तो चार वेळा जिंकला, त्यातही दोनदा समोरच्याला ताप आला म्हणून. घरात मात्र तो नुसता धाकटाच. मास्तरांपेक्षा चौदा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो चड्डीत होता. त्याला अंघोळ घालण्यापासून त्याच्या लग्नात धावपळ करण्यापर्यंत सगळं मास्तरांनीच केलं. स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं ते गेलंच.

धाकटा टीव्हीवर दिसायला लागला त्या आठवड्यात संपादकांनी मास्तरांना खोलीत बोलावून सांगितलं, "भावाला धरून लिहिलंत तर सदर बंद." मास्तर म्हणाले, "निर्धास्त राहा." आणि त्या दिवसापासून या भल्या माणसाने भावावर जी नजर धरली, ती सोडली नाही. दुसऱ्याचा पाय घसरला तर लिहायचे, 'गडी दमला होता.' धाकट्याचा घसरला तर, 'गेंड्याला सराव हवा.' दुसऱ्यांना नऊ मिळालेत, साडेनऊ मिळालेत. गेंडा आठाच्या वर कधी गेला नाही. कचेरीत लोक म्हणायचे, "मास्तर, भाऊ आहे हो तुमचा." मास्तरांना ते ऐकून बरं वाटायचं.

रविवारी धाकटा बायकोला घेऊन जेवायला यायचा. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. पेपर त्याने खालीच विकत घेतलेला असायचा. जिन्यात बसून तो सदर वाचायचा, घडी घालायचा, आणि मगच दार वाजवायचा. जेवताना कुस्तीचा शब्द काढायचा नाही हा नियम मास्तरांनीच घातला होता. आई दोघांच्या पानात वाढत राहायची. बोलणं व्हायचं ते पंख्याच्या आवाजावर, नळाच्या पाण्यावर, मधूनच आईच्या गुडघ्यांवर.

पैलवानांच्या धंद्यात एक रीत होती. कुठे दुखलंखुपलं तर बाहेरच्याला सांगायचं नाही. आणि लिहिणारा तर बाहेरच्यांमधला बाहेरचा, मग तो भाऊ का असेना. त्यामुळे नवव्या वर्षी धाकट्याच्या मानेत कळ यायला लागली, उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या, चमचा मधूनच हातातून सुटायला लागला, तेव्हा ते कळलं फक्त बायकोला. आणि सामने ठरवणारा जो माणूस होता, ज्याला सगळे मामा म्हणायचे, त्याला. कोपऱ्यातल्या खांबावर चढून तिथून मागे पडायचं, हा गेंड्याचा हुकमी प्रकार. धाकट्याने मामाला गुपचूप सांगून तो काढायला लावला. मामाही तयार झाला. दोन आठवडे धाकटा जमिनीवरूनच पडला, जपून पडला.

मास्तरांनी ते टिपलं, न टिपतील तर मास्तर कसले. त्या रविवारी सदरात वाक्य आलं, 'गेंडा हल्ली पडत नाही, अंथरूण झटकून निजतो.' खाली गुण चार.

कचेरीत हशा पिकला. संपादकांनी स्वतः येऊन पाठीवर थाप मारली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. धाकटा त्या दिवशी जेवायला आला, दोन घास कमी जेवला, आणि नळाचं पाणी आता बरं येतं का म्हणून विचारून गेला.

पुढचा शनिवार. मास्तर नेहमीसारखे टीव्हीपुढे वही घेऊन बसलेले. आई मागे खाटेवर. मजकूर साडेआठच्या आत फोनवरून कचेरीत सांगायचा असायचा, त्यामुळे ते बघता बघताच लिहीत. शेवटची कुस्ती गेंड्याची होती, समोर कसाई नावाचा धिप्पाड गडी. सातव्या मिनिटाला गेंडा कोपऱ्यातल्या खांबावर चढायला लागला. मास्तर ताठ झाले. कसायाने खालून ठोसा मारला आणि गेंडा मागे गेला, हवेत पूर्ण आडवा झाला, आणि जो काही आपटला, त्याचा आवाज टीव्हीतूनसुद्धा पोटात गेला.

तो पडून राहिला. हात जसे पडले तसेच. कसाई दोन पावलं मागे सरला. पंचाने वाकून बघितलं आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. खरी दुखापत झाली की पंच अशी खूण करतो, म्हणजे दिवेवाल्याला, कॅमेरावाल्याला कळतं. पण त्या वर्षात हीच खूण दोनदा खोटी करून लोकांना फसवलं होतं, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी ती लबाडी बरोब्बर पकडली होती. अकरा वर्षांचा जाणकार माणूस तो, असा थोडाच फसणार.

"त्याने कान चोळला नाही," आई मागून म्हणाली.

"काय?"

"पडला की उठताना डावा कान चोळतो तो. माझ्यासाठी. मी ठीक आहे म्हणून. नऊ वर्षं चोळतोय."

मास्तरांना हे ठाऊकच नव्हतं. भावाच्या प्रत्येक पडण्याचा हिशेब ज्याच्या वहीत होता, त्याला हे एवढं ठाऊक नव्हतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात वाक्यं रांगेने उभी होती. ते म्हणाले, "आई, ते नाटक आहे. मला लिहू दे."

"अरे, पण कान..."

"लिहू दे ना गं."

तिकडे स्ट्रेचर आलं, जाहिराती लागल्या. मास्तरांनी फोन उचलला आणि कचेरीत सांगायला सुरुवात केली. 'आज गेंड्याने या खेळाला शिकवलं की पडणं म्हणजे काय. देह टाकून देणं म्हणतात ते हे. पंचाची फुली ही युक्ती आता जुनी झाली, पण गेंड्याच्या निश्चल पडण्याने तीही खरी वाटली. दहापैकी दहा.' सदरात दहा पहिल्यांदाच येत होते, म्हणून पलीकडच्या माणसाने आकडा दोनदा विचारून घेतला. आता आपल्याला कोणी काही म्हणू शकणार नाही असं त्यांना वाटलं. भाऊ स्वतःच्या हिमतीवर तिथपर्यंत पोचला होता.

नऊला पाच कमी असताना फोन वाजला. कचेरीतून काही विचारायला केला असेल म्हणून मास्तरांनी हसतच घेतला. फोन धाकट्याच्या बायकोचा होता. "दादा, या. ते बोलत नाहीयेत," एवढंच ती म्हणाली.

पान थांबवायला एक फोन पुरला असता. नाही सुचलं त्यांना, आईला जिना उतरवत होते ते. सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात कोणीतरी बाकावर पेपर टाकून गेलं होतं. त्यात कोपऱ्यात छापलं होतं, दहापैकी दहा.

डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात असं, की मानेतला मणका मोडलाय, जीव राहील, मानेखालचं काही हलणार नाही. आई ते ऐकून खाली बसली ती तासभर उठली नाही. मास्तर बाजूला उभे होते. त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती मनात फिरतेय याची त्यांना लाजही वाटत होती. तो खांबावर चढला का? दोन आठवडे सोडून दिलेलं त्या दिवशीच का केलं? ते वाक्य वाचून केलं का?

हे विचारणार कोणाला? धाकट्याच्या घशात नळी होती. मास्तरांनी सदर बंद केलं, रजा टाकली, आणि रोज अकरा ते एक बाकावर येऊन बसायला लागले. तेराव्या दिवशी धाकट्याची बायको पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "विचारायचंय ना तुम्हाला? मीच सांगते. मामाने तुमचं कात्रण पैलवानांच्या खोलीतल्या आरशाला चिकटवलं होतं, गंमत म्हणून. सगळे हसले. हेही हसले. मग मामाकडे जाऊन म्हणाले, खांबावरून पडायचं परत घाल. मामा नको म्हणत होता, दादा. त्याने दोनदा विचारलं. हे म्हणाले, दादाला दिसलंय मी घाबरलोय ते."

मास्तर बाकावरून उठले आणि पुन्हा बसले.

"एकदा नुसतं विचारायचं होतंत, बाबा रे, मान कशी आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. बाटली घेऊन आत गेली.

चौथ्या आठवड्यात नळी निघाली. मास्तर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. धाकटा छताकडे बघत होता, कारण दुसरीकडे बघताच येत नव्हतं. मानेभोवती पट्टा होता. आवाज खरखरीत, जेमतेम ऐकू येईल इतका.

"दहा दिलेस म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"हिने वाचून दाखवलं. मीच तीनदा वाचायला लावलं." तो थोडं थांबला. दम लागत होता. "तुला दोष नाही देत मी दादा. तू बरोबर लिहिलं होतंस. भ्यायलोच होतो."

हे ऐकलं आणि मास्तरांचा धीर सुटला. भावाने शिव्या घातल्या असत्या, तोंडावर थुंकला असता, तर ते गप्प बसले असते. क्षमा त्यांना सोसेना.

"मी बरोबर नव्हतं लिहिलं," ते म्हणाले. "ऐक. तुझा आकडा मी दोनदा लिहायचो. आधी वहीत, जसा दिसला तसा. आणि पेपरला देताना त्यातून एक काढून टाकायचो. दर वेळी, ते शेवटचे दहा सोडून. भावाला धरून लिहितो असं कोणी म्हणू नये म्हणून."

बाहेरून ढकलगाडी गेली, तिची चाकं वाजत राहिली.

"कधीपासून?"

"पहिल्या कुस्तीपासून."

"म्हणजे आठ छापलेस तेव्हा नऊ होते."

"हो."

"आणि ते अंथरुणाचं?"

मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले. "त्या दिवशी तू नीटच पडला होतास रे. वहीत सात होते. पण वाक्य सुचलं होतं. ते सोडवेना मला. मग वाक्याला शोभतील असे चार दिले."

धाकट्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"म्हणजे मी चांगला पडत होतो."

"फार चांगला पडत होतास."

धाकट्याला मान फिरवता येत नव्हती. त्याने डोळे मिटून घेतले. मास्तर एक वाजेपर्यंत तिथे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. स्टुलाचा आवाज झाला की तो डोळे मिटायचा, आणि ते उठून जाईपर्यंत उघडायचा नाही.